मतदान एका दिवसाचं, ग्रामसभा वीस वेळची: मुदत भरलेल्या ५६६ गावांनी काय ठरवायचं?

विश्लेषण | परभणी

परभणी जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढचं मतदान झालं ते थेट फेब्रुवारी २०२६ मध्ये. म्हणजे मधली जवळपास चार वर्षं जिल्ह्याला ना जिल्हा परिषद सदस्य होता, ना पंचायत समिती सदस्य. परभणी महापालिकेत मे २०२२ पासून तेच. गंगाखेड, जिंतूर, मानवत, पाथरी, पूर्णा, सेलू आणि सोनपेठ नगरपरिषदांचा कारभारही प्रशासकाच्या हाती होता. शहरांतलं मतदान डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये झालं.

राज्यघटनेचं कलम २४३-ई स्पष्ट सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. तरीही ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतले फेरबदल यात चार वर्षं गेली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा कुठं चाक हललं.

आता खरा प्रश्न. या चार वर्षांत आपल्या गावात कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटलं का? शाळेच्या खोलीला तडा गेला, आरोग्य उपकेंद्राला कुलूप दिसलं, दोन गावांमधला रस्ता खचला, तर जायचं कुणाकडं? सदस्य असता तर निदान त्याच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. साहेबाच्या केबिनबाहेर बसून भांडता येत नाही. निवडून आलेलं सभागृह नाही म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचा वित्त आयोगाचा निधीही अडकला. निवडणूक न होण्याची किंमत अशी हळूहळू वसूल होते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

या सगळ्याची आठवण आत्ता काढायचं कारण आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ५६६ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती. त्यांची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीलाच भरली. म्हणजे जिल्ह्यातल्या बहुसंख्य गावांना आपला कारभारी नव्यानं निवडायचा आहे.

मतदान कमी नाही, कमी आहे ते पुढचं

"गावाकडची माणसं मतदान करत नाहीत" हे वाक्य भाषणात चांगलं वाटतं, पण ते खरं नाही. एप्रिल २०२४ मध्ये परभणी लोकसभा मतदारसंघात सुमारे ६२ टक्के मतदान झालं. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत राज्यात सरासरी ७९ टक्के झालं होतं. खासदारकीपेक्षा सरपंचकीला लोक जास्त बाहेर पडतात. पुण्याहून, संभाजीनगरहून गाड्या भरून येतात. भाऊबंदकी, पॅनल, वॉर्ड, सगळं तोंडपाठ असतं.

मग अडतं कुठं? अडतं ते गुलाल उधळल्यानंतर. ७९ टक्के मतदान करणाऱ्या गावात पुढच्या ग्रामसभेला किती माणसं असतात, हे ज्यानं त्यानं आपल्या गावापुरतं आठवून बघावं. गावात मतदार दीड हजार असतील, तरी ग्रामसभेची गणपूर्ती शंभरावर होते. कायद्यानं एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. दहा-पंधरा माणसांत ठराव होतात. पुढं वर्षभर त्या ठरावांवर पारावर चर्चा होते, पण तोवर वेळ गेलेली असते.

हिशेब साधा आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. पाच वर्षांत वीस. मतदान पाच वर्षांत एकदा. एका दिवसासाठी आपण पुण्याहून गाडी करून येतो आणि वीस दिवस गावात असून घराबाहेर पडत नाही.

पैसा कुठं येतो ते बघा

"ग्रामपंचायतीत आहे तरी काय?" असं विचारणारे अजून आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचं वाटप महाराष्ट्रात असं ठरलं होतं: ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. म्हणजे शंभरातले ऐंशी रुपये थेट गावाच्या खात्यावर. त्यातला मोठा हिस्सा पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, बाकीचा गावाच्या गरजेप्रमाणे.

ती गरज ठरवते ग्रामसभा. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं जो आराखडा होतो, त्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, पाणंद रस्ता आधी कुठला, नाली कोणत्या गल्लीत, हे सगळं तिथूनच जातं. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर दिसतो. गावातल्या कुठल्याही पोराला मोबाईलवर तो पाच मिनिटांत काढता येतो. मागच्या वर्षी आपल्या गावात कोणत्या कामावर किती रुपये उचलले हे बघा आणि मग त्या जागी जाऊन काम बघा. दोन्ही जुळलं तर सरपंचाचं कौतुक करा, नाही जुळलं तर पुढच्या ग्रामसभेत विचारा.

यावेळी हातात एक मत जास्त

बऱ्याच मतदारांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. २०२१ मध्ये सरपंच लोकांनी निवडला नव्हता. आपण सदस्य निवडले आणि सदस्यांनी सरपंच निवडला. थेट सरपंचाची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळं २०२१ ला मतदान झालेल्या गावांपैकी बहुतेकांना आता पहिल्यांदाच सरपंचासाठी वेगळं बटन दाबायला मिळणार आहे.

याचे दोन परिणाम होतात. पहिला चांगला. पाच-सात सदस्य सहलीला नेऊन, हॉटेलात कोंडून सरपंचकी मिळवायचा धंदा बंद होतो. दुसरा परिणाम सावध करणारा. थेट निवडून आलेला सरपंच सहजासहजी हलत नाही. त्याच्यावरचा अविश्वास ठराव सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी मंजूर करायचा, आणि त्यानंतर ग्रामसभेत गुप्त मतदानानं त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं. म्हणजे चुकलेला निर्णय दुरुस्त करायचा तर परत ग्रामसभेतच यावं लागतं. सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असंही होऊ शकतं. तेव्हा सरपंचाचं मत आणि वॉर्डाचं मत, दोन्ही सोबत विचार करून द्या.

बिनविरोध: कुठं समजूत, कुठं सौदा

निवडणूक जवळ आली की बिनविरोधची हवा सुरू होते. आमदार बक्षीस जाहीर करतात, जुनी माणसं सांगतात की भांडण नको, गाव एक राहू द्या. २०२१ मध्ये राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली, त्यातल्या १,५२३ पूर्ण बिनविरोध झाल्या.

भांडण टळत असेल तर बिनविरोधला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण एक प्रश्न विचारायलाच हवा की ठरवलं कुणी? सगळ्या वस्त्या, सगळ्या गल्ल्या, बाया-माणसं बसून ठरलं, की पाच जणांनी ओट्यावर बसून ठरवलं आणि दवंडी दिली? त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांत पदांचा चक्क लिलाव झाला. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. निमित्त मंदिराचं होतं. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

मंदिरासाठी पैसा जमला, मग बिघडलं काय, असं म्हणणारे तेव्हाही होते. बिघडतं ते असं. ज्याच्याकडं बोली लावायला पैसा नाही त्याचं मत त्या दिवशी शून्य झालं. आणि ज्यानं पद विकत घेतलं, तो पाच वर्षं गावाला जबाबदार कशाला राहील? त्यानं किंमत मोजलेली आहे. मत मागायला तो कुणाच्या दारात आलाच नव्हता.

कोयत्यावर गेलेल्यांचं मत

आपल्या जिल्ह्यात मतदानाचा खरा प्रश्न आळसाचा नाही, पोटाचा आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर तालुक्यांतल्या तांड्या-वस्त्यांवरून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. परत यायला पाडवा उजाडतो.

आता निवडणुकीच्या तारखा बघा. जिल्हा परिषद फेब्रुवारी २०१७. ग्रामपंचायती १५ जानेवारी २०२१, १८ डिसेंबर २०२२, ५ नोव्हेंबर २०२३. विधानसभा २० नोव्हेंबर २०२४. नगरपरिषदा डिसेंबर २०२५. जिल्हा परिषद फेब्रुवारी २०२६. सगळ्या तारखा ऊसतोडीच्या हंगामात किंवा त्याच्या तोंडावर. नोकरदाराला मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळते. उचल घेतलेल्या कोयत्याला सुट्टी कोण देणार? फडातून गावाकडं येऊन परत जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि भाडं वेगळं.

मग होतं असं की उमेदवार गाडी पाठवतो. मुकादमाशी बोलणं होतं, टोळी येते, मत टाकते, परत जाते. त्यात ऊसतोड्याचा दोष नाही. पण गाडी ज्याची, मत त्याचं, असा तो व्यवहार होऊन बसतो. गावात पाणी येत नाही, पोरांची शाळा सुटते, घरकुल रखडलं, यातलं काहीच त्या मतात उतरत नाही.

ग्रामसभेचंही तसंच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धा तांडा फडात असतो. पण मे आणि ऑगस्टच्या ग्रामसभेला तो गावात असतो. म्हणून घरकुल, वस्तीचा रस्ता, पाणी हे ऊसतोड कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे विषय त्या दोन सभांच्या विषयपत्रिकेवर घ्या, असा आग्रह गावानं धरायला हवा. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचं काम ग्रामपंचायतीकडूनच होतं. म्हणजे कोण बाहेर जातं हे ग्रामपंचायतीला माहीत असतं. निवडणूक हंगामाच्या बाहेर घ्या, असा ठराव ग्रामसभेत करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य निवडणूक आयोगाकडं पाठवायला कुणाची आडकाठी नाही. एका गावाचा ठराव फाईलमध्ये जाईल. शंभर गावांचा ठराव फाईलमध्ये मावणार नाही.

बहिष्कारानं कुणाचं काय बिघडतं?

रस्ता नाही, पूल नाही, म्हणून 'मतदानावर बहिष्कार' असा फलक वेशीवर लागतो. राग खरा असतो, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी तहसीलदार धावत येतात हेही खरं. पण कायद्यात कमीत कमी इतकं मतदान झालंच पाहिजे अशी अट नाही. गावानं मत दिलं नाही तरी मोजणी होते, कुणीतरी निवडून येतो. आणि पुढची पाच वर्षं त्याच्याकडं एक सोपं उत्तर असतं, तुमच्या गावानं मला दिलंय काय?

नोटाचा पर्याय आहे, तोही नीट समजून घ्यावा. शेजारच्या लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ च्या विधानसभेला नोटाला २७ हजारांवर मतं पडली, नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तरी निकाल बदलला नाही, कारण विधानसभेत नोटा जिंकत नसतो. महापालिका आणि नगरपरिषदांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला. तिथं नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे शहरातल्या वॉर्डात राग दाखवायला घरी बसण्यापेक्षा नोटाचं बटन जास्त कामाचं आहे.

घरी बसणंही कसं मोजलं जातं याचं उदाहरण दारूबंदीत आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी मागणी केली तर 'उभी बाटली, आडवी बाटली' असं गुप्त मतदान घेता येतं. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नाही, एकूण मतदारांच्या. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीकडं गेलं. इतर निवडणुकांत हे एवढं उघड दिसत नाही, पण चालतं तसंच.

ठरावात ताकद असते

ग्रामसभेनं ठरवून काय होतं, असं वाटत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड बघा. मे २०२२ मध्ये तिथं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव झाला. नवरा गेला म्हणून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यापुढं नको. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. एका गावाच्या ठरावामागं मुंबईतलं मंत्रालय आलं.

आपल्याच मराठवाड्यातलं पाटोदा बघा. पूर्ण कर भरणाऱ्याला मोफत दळण, या एका कल्पनेनं त्या गावानं करवसुलीचा प्रश्न सोडवला. भास्करराव पेरे पाटलांचं नाव त्यामुळं राज्यभर झालं. आणि त्याच पाटोद्यात २०२१ च्या निवडणुकीत पेरे पाटलांच्या कन्या हरल्या, सत्ता दुसऱ्या गटाकडं गेली. कुणाला ते बरं वाटलं, कुणाला वाईट. पण राज्यभर नाव असलेल्या कारभाऱ्याच्या गावातही शेवटचा शब्द मतदाराचाच राहिला.

अर्ध्या खुर्च्या बायांच्या, आवाज कुणाचा?

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा महिलांना आहेत. कागदावर अर्धा कारभार बायांचा. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत 'सरपंच पती' खुर्चीवर आणि सरपंचबाई सहीपुरत्या, हे चित्र अजून पुसलं गेलेलं नाही. यावर उपाय कायद्यातच आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. ती घेतली का, कागदावर घेतली की खरी घेतली, हे बचत गटाच्या बायांनी विचारलं पाहिजे. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं हे तिथं बसलेल्या माणसांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आत्ता करायची कामं

पहिलं काम यादीचं. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेला गोठवून ती वॉर्डनिहाय फोडतात. निवडणूक जाहीर झाल्यावर "माझं नावच नाही" म्हणून ओरडून उपयोग नसतो. १८ वर्षं पूर्ण झालेल्या पोरा-पोरींचा नमुना ६, पत्ता किंवा चूक दुरुस्तीसाठी नमुना ८, हे बीएलओकडं किंवा ऑनलाईन आधीच भरा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं बहुतेक वेळा राहून जातात, तेवढं बघा.

दुसरं, वॉर्डाची प्रारूप यादी लागली की ती वाचा. शेजाऱ्याचं नाव एका वॉर्डात आणि आपलं दुसऱ्यात गेलं असेल तर हरकतीची मुदत असते. ती चार-आठ दिवसांचीच असते.

तिसरं, उमेदवार दारात आला की एकच प्रश्न विचारा: ग्रामसभा किती वेळा घेणार आणि खर्च वाचून दाखवणार का? कारण नसताना ग्रामसभा टाळणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं, हे त्यालाही माहीत असू द्या.

चौथं, निवडणूक होईपर्यंत ग्रामसभेचा हक्क संपत नाही. खुर्चीवर सरपंच असो की प्रशासक, मतदार तेच असतात आणि गावाच्या पैशाचा हिशेब मागायचा हक्क त्यांचाच राहतो.

जिल्हा परिषदेची चार वर्षं निवडणुकीविना गेली, ती वरच्या पातळीवर ठरली. आपल्या हातात नव्हतं. गावातल्या वीस ग्रामसभांना जायचं की नाही, हे मात्र दिल्ली-मुंबईत ठरत नाही. पुढच्या ग्रामसभेची दवंडी झाली की शेतातलं काम दोन तास पुढं ढकला, आणि जाताना शेजारच्यालाही हाक मारा.